दारापुढचा रस्ता

अमेरिकेत ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराला लागून नॉरवुड नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गावपालिकेने आयव्हनहो अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता पुढे वाढवायचं ठरवलं. वाटेत एलन बेकर या बाईंची जमीन होती. पालिकेने त्यातला रस्त्यापुरता पट्टा घेतला, ज्युरीने भरपाई ठरवली २,००० डॉलर, आणि ती बाईंना देण्यात आली. इथवर सगळं रीतसर. मग पालिकेने हिशोब मांडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेली जमीनही बेकरबाईंचीच. म्हणजे रस्त्याचा लाभ त्यांनाच. म्हणजे खर्चही त्यांनीच द्यायचा. या खर्चात त्यांना दिलेली भरपाई होती, वर ती ठरवण्यासाठी झालेला कोर्टाचा वगैरे खर्च. एकूण आकारणी २,२१८ डॉलर ५८ सेंट. जमीन गेली ती गेलीच, वरून पदरचे दोनशे अठरा डॉलर.

१८९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही आकारणी रद्द ठरवली. न्यायमूर्ती हार्लन यांच्या निकालाचं सार असं: सार्वजनिक कामाचा खर्च शेजारच्या जमिनीवर टाकता येतो, पण त्या जमिनीला झालेल्या खास लाभाहून तो ठळकपणे जास्त असेल, तर ते जास्तीचे पैसे म्हणजे कराच्या नावाखाली विनामोबदला घेतलेली मालमत्ता.

हा किस्सा मी मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात आणि पालिकेला मूर्खात काढतात. मला पालिका तितकी मूर्ख वाटत नाही. ज्या माळावर बैलगाडीही धड जात नव्हती, तिथे रस्ता आला की त्याचे प्लॉट पडतात. मालकिणीने त्यासाठी काडीही हलवलेली नसते. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, त्या रस्त्याने कधीही न जाणाऱ्या चांभाराने त्याचे पैसे का द्यायचे? पालिकेचा हा प्रश्न खरा होता, उत्तर तेवढं राक्षसी निघालं.

त्या काळात खर्च वाटण्याची सर्रास पद्धत होती ती ‘फ्रंट फूट’ची. ज्याच्या जमिनीची जितके फूट लांबी रस्त्याला लागून, तितका त्याचा वाटा. फीत घेऊन जा, मोजा, गुणाकार करा. हिच्यावरही वाद झाला. कॅन्सस सिटीतल्या फॉरेस्ट अ‍ॅव्हेन्यूच्या डांबरीकरणाचं प्रकरण १९०१ साली त्याच न्यायालयात पोचलं आणि या वेळी न्यायालयाने फुटांची पद्धत उचलून धरली. प्रत्येक जमिनीचा लाभ वेगळा मोजायलाच हवा असं नाही, असा त्याचा अर्थ. हार्लन आता अल्पमतात होते. इंग्लंडने मधला मार्ग काढला होता. १८९२च्या तिथल्या खासगी रस्त्यांच्या कायद्यात मूळ नियम लांबीचाच, पण वाटणी करताना कोणाला लाभ जास्त, कोणाला कमी, हे बघायची मुभा स्थानिक संस्थेला होती.

फुटांची पद्धत सोपी आहे, हाच तिचा गुण, आणि तो लहान नाही. तिच्यात कोणाला लाच देऊन लाभ कमी दाखवता येत नाही. पण कोपऱ्यावरच्या घराला दोन रस्ते लागतात, म्हणून त्याला दोनदा भुर्दंड. गल्लीच्या बंद टोकाचे प्लॉट पंख्याच्या पात्यासारखे असतात, तोंडाशी अरुंद आणि मागे ऐसपैस. त्यांना जवळजवळ फुकट. जुना लांबलचक वाडा असेल तर त्याचा जो एकुलता एक म्हातारा वारस आत राहतो, त्याच्यावर सगळ्यात मोठं बिल.

याहून नेमकं काही करता येईल का? इंजिनियर माणसाला इथे खाज सुटतेच. समजा, एका बंद गल्लीत ओळीने चार घरं आहेत आणि प्रत्येक घरापर्यंतचा एकेक तुकडा काँक्रीटचा करायला एक लाख लागतात. एकूण चार लाख. समान वाटणी केली तर प्रत्येकी एक लाख. पण गल्लीच्या तोंडाशी राहणारा म्हणेल, मी पहिल्याच तुकड्यावरून आत वळतो, शेवटचे तीन तुकडे माझ्या काय कामाचे? मग असं करा: पहिला तुकडा चौघेही वापरतात, त्याचे चार भाग. दुसरा तिघे वापरतात, त्याचे तीन. तिसऱ्याचे दोन. चौथा एकट्याचा. पहिल्या घराला २५,००० रुपये येतात, दुसऱ्याला सुमारे ५८,०००, तिसऱ्याला १,०८,००० आणि शेवटच्याला २,०८,०००. लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ साली मांडलेल्या वाटणीच्या सूत्रातून हेच आकडे निघतात. पुढे १९७३ साली लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी ते विमानतळाच्या धावपट्टीला लावून दाखवलं. लहान विमानाला आखूड धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते, तेव्हा कोणी किती द्यायचं?

सूत्र देखणं आहे. आता पहिल्या घरातल्या माणसाला ते वाचून दाखवा. तो म्हणेल, उरलेल्या तिघांच्या गाड्या, गॅस सिलिंडरचे टेम्पो, लग्नाच्या वराती माझ्याच खिडकीखालून जाणार, त्याचं काय? सूत्रात ‘वापर’ आहे, ‘सोसणं’ नाही. ते घालता येईल, मग अजून काही राहून गेलेलं सापडेल. ऑफिसात एकाच क्लाउडचं बिल दहा टीममध्ये वाटताना (त्याला ‘चार्जबॅक’ म्हणतात) अगदी हेच होतं. सूत्र जितकं बारीक होत जातं, तितकं भांडण सूत्रावरून सरकून मोजणीवर जातं.

पण लाभ झाला म्हणून पैसे द्यायलाच हवेत, हे तरी कुठे ठरलंय? रॉबर्ट नोझिक यांनी १९७४च्या आपल्या पुस्तकात एक वस्ती कल्पिली आहे. तिथे लोकांनी सार्वजनिक लाउडस्पीकर बसवलाय. रोज एकेक जण पाळीने गाणी, गप्पा, बातम्या ऐकवतो. तुम्हीही खिडकी उघडून कधीमधी ऐकलंय, हसलायत. आता तुमची पाळी आली, तर अख्खा दिवस तुम्ही तिथे घालवायला बांधील आहात का? नोझिक म्हणतात, नाही. न मागितलेली वस्तू तुमच्यावर उधळून मग तिची किंमत वसूल करता येत नाही.

रस्ता आणि लाउडस्पीकर यांत फरक आहे. खिडकी लावून घेता येते, रस्ता टाळून घराबाहेर पडता येत नाही. शिवाय एक मालक अडून बसला म्हणून त्याच्या दारापुढचा तेवढा तुकडा मातीचा ठेवता येत नाही. म्हणून संमती एकेकाची न घेता घोळक्याची घेतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात असा कायदा आहे, ४२९वं प्रकरण. रस्त्यालगतच्या किमान ३५ टक्के लांबीच्या मालकांनी अर्ज केला तर नगर परिषद साध्या बहुमताने काम हाती घेऊ शकते, अर्ज नसेल तर चार पंचमांश मतं लागतात. मालकांना नोटीस, जाहीर सुनावणी, आणि नंतर कोर्टात अपील. ‘३५ टक्के लांबीच्या’ हे शब्द बघा. इथे मतंसुद्धा माणसांची मोजलेली नाहीत, फुटांची मोजली आहेत.

मिनेसोटात आकारणीची कमाल मर्यादा म्हणजे कामामुळे त्या मालमत्तेच्या बाजारभावात पडणारी वाढ. आधीची किंमत, नंतरची किंमत, वजाबाकी. बेकरबाईंना मिळालेला न्याय इथे रोजच्या व्यवहारात उतरला, असं म्हणता येईल. आणि इथेच माझी खरी अडचण सुरू होते.

समजा, एक निवृत्त शिक्षिका आहेत. चाळीस वर्षांपूर्वी बांधलेलं कोपऱ्यावरचं घर, पेन्शन बेताची. नगरपालिका सांगते, रस्ता झाल्यावर तुमच्या घराची किंमत दहा लाखांनी वाढेल, आम्ही फक्त सहा लाख मागतोय, म्हणजे बाई, तुम्ही चार लाखांनी फायद्यातच आहात. बाई म्हणतात, पण मला घर विकायचं नाहीये. या उत्तरात कसलाही हट्ट नाही. ती दहा लाखांची वाढ घर सोडून जाणाऱ्यालाच मिळते. राहणाऱ्याला मिळते ती कमी धूळ, कोरडी पावलं आणि भरधाव गाड्या. लाभाच्या तत्त्वावर आकारणी करणारं शहर राहणाऱ्याकडून सोडून जाणाऱ्याचं बिल वसूल करतं. वाटणी फुटांनी करा, शॅप्लीच्या सूत्राने करा नाहीतर किमतीच्या वजाबाकीने, या बाईंचा प्रश्न जसाच्या तसा राहतो, कारण तो ‘किती’चा नाहीच. तो ‘केव्हा’चा आहे. सव्वाशे वर्षं वकिलांनी, अर्थशास्त्र्यांनी आणि आमच्यासारख्या आकडेमोड्यांनी जवळजवळ सगळी बुद्धी ‘किती’वर खर्च केली.

मिनेसोटाच्याच दुसऱ्या एका कायद्यात याची चाहूल आहे. मालक पासष्टीच्या पुढचा असेल, स्वतः त्या घरात राहत असेल आणि पैसे भरणं जड जाणार असेल, तर शहर वसुली पुढे ढकलू शकतं. घर विकलं, किंवा मालक वारला आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला ती सवलत लागू नसली, की रक्कम देय होते, बहुधा व्याजासकट. उत्तम. पण हे तिथे दया म्हणून आहे, अडचणीतल्यांसाठी सूट म्हणून. माझ्या मते राहत्या घरासाठी हाच मूळ नियम असायला हवा. लाभ हे कारण सांगून पैसे मागायचे असतील, तर लाभ हातात पडेल त्या दिवशी मागा. तोवर बोजा जमिनीवर चढवून ठेवा, सातबाऱ्यावर बँकेचा चढवतात तसा. रिकामा प्लॉट भाव वाढायची वाट बघत अडवून ठेवणाऱ्याला मात्र ही सवलत नको. तो तिथे राहतच नाही, तो त्या वाढीसाठीच थांबलाय. त्याने आजच द्यावेत.

कंत्राटदाराला पैसे आज लागतात, हा यावरचा रास्त आक्षेप. शहराला कर्ज काढावं लागेल आणि व्याज बाईंच्या बोज्यात मिळवावं लागेल. ते मला मान्य आहे, घराची किंमतही वर्षागणिक वाढतेच. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. रस्ता नवा नसेल, जुनाच उखडून पुन्हा केला असेल, तर किंमत बहुधा वाढतच नाही, कारण तिथे चांगला रस्ता असणार हे ती ठरवताना गृहीतच होतं. मग लाभ कसला? माझ्या मते तिथे लाभाचं तत्त्व लागूच होत नाही. ती देखभाल झाली, तिचे पैसे सगळ्या शहराने द्यावेत.

आपल्याकडे हे सगळं परकं वाटतं, पण तसं नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात ३०५वं कलम आहे. त्यानुसार खासगी रस्त्याला लागून असलेल्या मालकांना तो सपाट करा, फरसबंदी करा, गटारं आणि दिवे लावा, असा लेखी हुकूम देता येतो. बेकर निकालाच्याच साली, १८९८ मध्ये, प्लेगनंतर मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने उलटा मार्ग धरला: जमीनच ताब्यात घ्यायची, दादर-माटुंग्यासारख्या भागात रस्ते आखायचे आणि प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. वाढलेली किंमत ट्रस्टच्या तिजोरीत. आणि १९१५च्या नगररचना कायद्याने तिसरा. गावातल्या सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्त्यांपुरता भाग प्रत्येकाकडून काढायचा आणि उरलेली जमीन नीट चौकोनी करून परत द्यायची. सध्याच्या १९६६च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही किमतीतल्या वाढीच्या निम्म्यापेक्षा जास्त अंशदान मागता येत नाही. वांद्रे, सांताक्रूझ इथल्या वस्त्या या योजनांतून उभ्या राहिल्या. पुण्यात भांबुर्डा आणि एरंडवण्याच्या पत्त्यांत अजून ‘फायनल प्लॉट नंबर’ लिहितात, तो यातलाच. पुढे मुंबईने ही पद्धत बाजूला टाकली आणि अहमदाबादने तिच्यावर अख्खा रिंगरोड केला. इथे मालक पैशात देत नाही, त्याच्याकडे जे असतं त्यात देतो, म्हणून मला ती आवडते. मात्र ती शेतजमिनीला चालते. दोन गुंठ्यांतल्या बंगल्याचा कुठला कोपरा कापणार?

एरवी आपण काय करतो, तर कोणालाच बिल पाठवत नाही. रस्ता सार्वजनिक पैशातून. जकात गेली, एलबीटी गेला, आता जीएसटीच्या बदल्यात राज्याकडून येणारं अनुदान हा पालिकांचा मोठा आधार आहे. म्हणजे पत्र्याच्या खोलीत राहून साबणाची वडी घेणाराही त्या रस्त्याला हातभार लावतो. रस्ता नकाशावर असतानाच ‘प्रस्तावित रिंगरोडपासून पाच मिनिटं’ असे फ्लेक्स लागतात आणि वाढ मालकाच्या खिशात जाते. नॉरवुडने सगळा खर्च एका बाईवर टाकला. आपण तो इतका पसरतो की लाभार्थी दिसेनासाच होतो. यात निवृत्त शिक्षिका वाचतात, हे खरं. पण प्लॉट अडवून बसलेलाही तितकाच वाचतो, आणि त्याच्याकडे प्लॉट बरेच असतात.

या सगळ्या हिशोबांत एक माणूस कुठेच नाही. मी भाड्याने राहतो, आजूबाजूच्या आयटीवाल्यांतले पुष्कळसे तसेच. रस्ता चांगला झाला की अकरा महिन्यांच्या पुढच्या करारात भाडं वाढतं. म्हणजे लाभाची किंमत भाडेकरू भरतो, तीही दरमहा, रोख आणि लाभाच्याच वेळी, घरमालकाने अजून एक रुपयाही भरलेला नसताना. शिक्षिकाबाईंचा बोजा पुढे ढकलायचा माझा नियम लागू केला, तर त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं काय, याचं उत्तर मला अजून जुळवता आलेलं नाही. कदाचित बोजा फक्त राहत्या मजल्यापुरता पुढे ढकलावा आणि भाड्याने दिलेल्या मजल्याचा वाटा लगेच घ्यावा. पण मग बाई तो भाड्यातच लावतील. सुनावणीची नोटीस मात्र, मिनेसोटात काय किंवा ३०५व्या कलमाखाली काय, मालकाच्याच नावाने निघते.