गव्हाणीनंतरचं हसू

नाताळ २५ डिसेंबरला संपतो असं बाजार मानतो; चर्चच्या पंचांगात तो तेव्हा कुठे सुरू होतो. इ.स. ५६७ मध्ये फ्रान्समधल्या तूर शहरी भरलेल्या धर्मपरिषदेने नाताळापासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंतचे दिवस सणाचेच धरले. पण त्यांचा क्रम विलक्षण आहे. २६ ला दगडांनी ठेचून मारलेला हुतात्मा स्तेफन, २८ ला हेरोद राजाने कापून काढलेली बेथलेहेमची बालकं. पाळण्याशेजारीच रक्त! आणि नेमक्या याच २८ तारखेला स्पेनमध्ये थट्टामस्करी चालते: पाठीवर गुपचूप कागदी बाहुला चिकटवतात, काही वर्तमानपत्रं धादांत खोटी बातमी छापतात. हा पोरकटपणा दुःखाची विटंबना नाही का? मला तसं वाटत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या कथेत हेरोदाचा हुकूम फसतो, बाळ येशू इजिप्तला निसटतो. सर्वशक्तिमान राजाच त्यात सगळ्यांत मोठा मूर्ख ठरतो. हसायचं ते त्याला; मेलेल्या लेकरांवर कोणी हसत नाही. ही थट्टा ख्रिस्तपूर्व उत्सवांतून आली असेल, असंही म्हणतात. असेलही, पण उगम कळला म्हणजे अर्थ कळला, असं नव्हे.

असंच हसू गोव्यातही दिसतं. तिथे नेवऱ्या-दोदोलची ताटं घरोघर फिरत असतानाच ३१ ला पेंढा भरलेला, फाटक्या पँटीतला, सरत्या वर्षाचा ‘म्हातारा’ जळतो. त्याच्या नावाने पोरं आधी रस्त्यात पैसे उकळतात. सहा तारखेला कासावलीत तीन गावांतले तीन मुलगे मुकुट घालून, घोड्यांवर बसून टेकडीवरच्या चॅपेलकडे निघतात. हेरोदाला ज्यांची भीती होती तीच पोरं आता राजे असतात, आणि घरची माणसं कौतुकाने मागून चालतात.