कलावंताचे इमान आणि लोकप्रियतेचा आरोप

१

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की गावोगावी मंडई भरते. साकोली, लाखनी, लाखांदूर या पट्ट्यात दिवाळीनंतरचे दिवस दंडार, खडी गंमत आणि नाटक यांचे असतात. पूर्वी या दिवसांवर प्राधान्याने दंडारीचा अधिकार होता. ढोलकी, टाळ आणि चोनका यांच्या साथीने गावातीलच पुरुष स्त्रीवेश घेऊन रात्रभर उभे राहत. पुढे झाडीपट्टीच्या नाटकाने ही जागा मोठ्या प्रमाणावर व्यापली. तिकीट आले, बाहेरून येणाऱ्या अभिनेत्री आल्या, ऑर्गनच्या जोडीला ऑक्टोपॅड आले आणि प्रवेशांच्या मधे चित्रपटगीतांच्या चालीही आल्या. दंडारीत ढोलकी वाजविणाराच पुढे नाटकमंडळीत ऑक्टोपॅडवर बसलेला दिसू लागला. तो दिसताच जाणत्यांच्या तोंडून ठरलेले वाक्य बाहेर पडते : ‘हा बिघडला.’

या वाक्याचा व्याकरणिक कर्ता कोण, हे पाहण्यासारखे आहे. ‘वादन बिघडले’ असे कोणी म्हणत नाही, ‘वादक बिघडला’ असे म्हणतात. म्हणजेच कलाकृतीविषयीचा अभिप्राय पाहता पाहता माणसाच्या चारित्र्याविषयीचा निवाडा बनतो. अवघड कलेकडून सोप्या कलेकडे जाणे हा नैतिक दोष आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोणाशी केलेला द्रोह आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ अभिरुचीचा राहत नाही.

२

या प्रश्नाचे एक अत्यंत गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. ‘जेनेसिस’ या रॉक संगीतमंडळीत फिल कॉलिन्स १९७० साली ढोलवादक म्हणून आला. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रवाहात ही मंडळी अग्रभागी होती. १९७२ सालची त्यांची ‘सपर्स रेडी’ ही रचना तेवीस मिनिटांच्या आसपास चालते आणि तिचा एक खंड नऊ मात्रांच्या विषम आवर्तनात बांधलेला आहे. १९७५ साली प्रमुख गायक पीटर गेब्रिएल मंडळी सोडून गेला आणि गायनाची जबाबदारी कॉलिन्सकडे आली. पुढील दहा वर्षांत रचना आखूड झाल्या, ताल सरळ झाले, शब्द घरगुती झाले. १९८१ च्या ‘फेस व्हॅल्यू’ पासून कॉलिन्सने स्वतंत्रपणे गायला आरंभ केला आणि १९८५ च्या ‘नो जॅकेट रिक्वायर्ड’ पर्यंत तो जगातील सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गायकांपैकी एक झाला. जुन्या श्रोत्यांनी त्याला क्षमा केली नाही.

साहित्यानेही या निवाड्याला हातभार लावला. ब्रेट ईस्टन एलिस यांच्या ‘अमेरिकन सायको’ (१९९१) या कादंबरीचा निवेदक एक धनाढ्य खुनी आहे. तो जेनेसिसच्या उत्तरकाळाची स्तुती करण्यात एक संपूर्ण प्रकरण खर्ची घालतो. पूर्वकाळ त्याला फार बौद्धिक वाटतो. कादंबरीच्या अनेक वाचकांनी यातून काढलेला निष्कर्ष सोपा होता : असे संगीत आवडते ते असल्या पोकळ माणसाला. परंतु बारकाईने पाहता त्या प्रकरणातील उपरोध गाण्यांवर नसून स्तुतीच्या भाषेवर आहे. तो निवेदक गाण्याविषयी ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत कपडे आणि उपाहारगृहे यांविषयीही बोलतो. पोकळी त्याच्या ऐकण्यात आहे. ती गाण्यातही आहे हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल.

३

ते सिद्ध करू पाहणाऱ्यासमोर एक अडचण उभी राहते, आणि ती अडचण म्हणजे स्वतः गेब्रिएल. १९८६ साली त्याचाही ‘सो’ हा संग्रह आला. त्यातील ‘स्लेजहॅमर’ हे नृत्याला अनुकूल, पितळी वाद्यांनी सजलेले गीत त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकी विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. तेथून त्याने खाली ढकललेले गीत होते जेनेसिसचेच ‘इन्व्हिजिबल टच’. एकेकाळच्या दोन सहकाऱ्यांनी एकाच उन्हाळ्यात एकाच बाजारात एकच पायरी गाठली होती. दोघांनीही कृष्णवर्णीय अमेरिकी लोकप्रिय संगीताकडून उसनवारी केली होती. कॉलिन्सने तर १९८२ साली ‘सुप्रीम्स’ यांचे जुने गाणेच नव्याने गायिले होते. तरीही समीक्षेच्या बाजारात गेब्रिएलचे ते पाऊल ‘विस्तार’ ठरले आणि कॉलिन्सचे ‘शरणागती’.

फरक कोठे होता? गेब्रिएलपाशी १९८० सालचे, दक्षिण आफ्रिकेतील हुतात्मा स्टीव्ह बिको यांच्यावरील गीत होते. १९८२ पासूनचा ‘वोमॅड’ हा जगातील विविध संगीतांचा महोत्सव होता. मुखवटे होते, गूढता होती. कॉलिन्सपाशी घटस्फोटाचे दुःख आणि शेजाऱ्यासारखा चेहरा होता. एकाची कीर्ती विचारवंताची, दुसऱ्याची कारागिराची. म्हणजेच ज्याला संगीताचे मूल्यमापन समजले जात होते त्यात कलावंताच्या सांस्कृतिक प्रतिष्ठेचे मूल्यमापन गुपचूप मिसळलेले होते. एकाच कृतीला दोन न्याय मिळत असतील तर त्या न्यायाचा आधार ती कृती नव्हे, एवढे तर्काने मान्य करावेच लागते.

४

‘विकला गेला’ या आरोपात वस्तुतः तीन भिन्न आरोप एकत्र बांधलेले असतात. पहिला रूपाविषयीचा : रचना सोपी झाली. दुसरा हेतूविषयीचा : ती पैशासाठी सोपी झाली. तिसरा निष्ठेविषयीचा : ज्यांनी या कलावंताला मोठे केले त्यांचा त्याने त्याग केला.

पहिला आरोप स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही. सोपेपणा हा दोष असता तर ओवी आणि अभंग यांना आपल्या परंपरेत आदराचे स्थान मिळाले नसते. भास्करबुवा बखले हे घराणेदार गायकीचे थोर आचार्य. त्यांनी १९१६ साली ‘संगीत स्वयंवर’ला चाली दिल्या. जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’साठी आटोपशीर नाट्यपदे बांधली. रागाचा तासभराचा विस्तार काही मिनिटांत आणणे याला संगीताचा ऱ्हास म्हणावे की घनता, हे प्रत्येक पद ऐकूनच ठरवावे लागते. लांबी आणि क्लिष्टता यांवरून ते आधीच ठरविता येत नाही.

दुसरा आरोप अधिक गंभीर वाटतो. थिओडोर अडोर्नो यांनी १९४१ च्या आपल्या निबंधात लोकप्रिय संगीताचे लक्षण ‘प्रमाणीकरण’ असे सांगितले होते : बाजार साचे पुरवितो आणि श्रोत्याचे ऐकणे गाण्यानेच परस्पर उरकलेले असते. हा युक्तिवाद उद्योगाच्या रचनेविषयी पुष्कळ काही सांगतो. परंतु एखाद्या विशिष्ट गाण्याविषयी तो पुरावा होऊ शकत नाही. मोबदला घेऊन केलेली कला म्हणजे भ्रष्ट कला असे मानल्यास दरबारी गायकापासून नाटकमंडळीपर्यंतचा आपला सारा इतिहासच रद्द करावा लागेल. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाव्यवहाराचे अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखविले. ‘विकला गेला’ म्हणणारा कलाकृतीला पहिल्या ध्रुवावर ठेवतो, कलावंताला मात्र दुसऱ्या ध्रुवावरील न्यायासनापुढे उभे करतो. कला जीवनव्यवहारापासून स्वायत्त असेल तर कलावंताच्या उत्पन्नाची चौकशी अप्रस्तुत ठरते. ती स्वायत्त नसेल तर त्याच्या पोटाचीही चौकशी करावी लागते. एकाच दमात दोन्ही ध्रुवांचा लाभ घेता येत नाही.

तिसऱ्या आरोपामागे एक अघोषित करार गृहीत धरलेला असतो. कलावंताने आपल्यासाठी कायम तसेच राहावे असे रसिकाला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र वाटणे म्हणजे हक्क नव्हे.

५

हीच विषमता झाडीपट्टीत अधिक उघडी पडते. विजय तेंडुलकर, जब्बार पटेल आणि भास्कर चंदावरकर यांनी १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले तेव्हा दशावतार, खेळे, कीर्तन अशा लोकरूपांची उसनवारी केली. त्या उसनवारीला मराठी समीक्षेने ‘प्रयोग’ म्हटले आणि ते योग्यच होते. परंतु लाखांदूरकडचा एखादा दंडारी शहरी चित्रपटाची चाल उचलतो तेव्हा त्याच समीक्षेला ‘ऱ्हास’ हा शब्द सुचतो. शहराने खेड्याकडून घेतले तर प्रयोग, खेड्याने शहराकडून घेतले तर प्रदूषण! लोककलावंताला बदलाचा अधिकार नाकारणारी ही दृष्टी वरवर पाहता देशी परंपरेची कैवारी दिसते. प्रत्यक्षात ती त्याला कलावंत मानतच नाही, एखाद्या संग्रहालयातील वस्तू मानते. कलावंत म्हटला की निवड आली, आणि निवड म्हटली की चुकण्याचा अधिकारही आला.

प्रतिष्ठेची ही गणिते काळानुसार कशी बदलतात तेही याच परिसरात दिसते. ज्या झाडीपट्टी नाटकाला नागर रसिक दीर्घकाळ बाजारू म्हणत आला, त्याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री सन्मान मिळाला. सन्मानामुळे नाटके चांगली झाली नाहीत, तशी आधीच्या उपेक्षेमुळे ती वाईटही नव्हती.

६

येथे एक रास्त आक्षेप उद्भवतो. पोटाचा प्रश्न, बदलाचा अधिकार, प्रतिष्ठेची विषमता हे सर्व मान्य केले तर कोणत्याही कलाकृतीला वाईट म्हणण्याची सोयच उरणार नाही. उपजीविकेचा युक्तिवाद गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो. त्याच्या आश्रयाने कोणताही भिकार माल खपविता येईल. हा आक्षेप खरा आहे. उपजीविका माणसाला दोषमुक्त करते, कलाकृतीला नव्हे. परिस्थितीने ज्याला दुसरा मार्ग ठेवला नाही त्याला नीतिदृष्ट्या निर्दोष ठरवूनही त्याचे वादन सुमार होते असे म्हणता येते, म्हणावेही लागते. कॉलिन्सला तर पोटाच्या प्रश्नाचा आधारही घेता येणार नाही.

मग लोकप्रिय झालेल्या कलावंताच्या कृतीचे परीक्षण कोणत्या कसोटीवर करावे? प्रत्येक कलाकृती आपल्या रचनेतच एक श्रोता गृहीत धरते. त्या श्रोत्याची बुद्धी, धीर आणि अनुभव यांविषयीचा अंदाज कृतीच्या बांधणीत कोरलेला असतो. तो ओळखण्यासाठी कलावंताच्या अंतःकरणात डोकावावे लागत नाही. कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’ (१९८१) या गीताच्या ‘फेस व्हॅल्यू’मधील आवृत्तीत ढोलांचा मुख्य आघात साडेतीन मिनिटांहून अधिक काळ रोखून धरलेला आहे. गीत सोपे आहे, स्वरसंगती मोजक्या आहेत. पण श्रोता थांबू शकतो यावर त्याचा विश्वास आहे. शिवाय त्या आघाताचा तो विशिष्ट, एकाएकी तुटणारा नाद त्याआधीच गेब्रिएलच्या संग्रहासाठी ह्यू पॅडघम या ध्वनितंत्रज्ञाच्या साहाय्याने, कॉलिन्सच्याच वादनातून सापडलेला होता. म्हणजे प्रयोगाचे ज्ञान सोप्या रूपात विसरले गेले नाही, मुरले. उलट ‘सुसुडिओ’ (१९८५) मध्ये तोच वादक श्रोत्याला क्षणभरही मोकळे सोडण्यास धजत नाही; प्रत्येक जागा भरलेली, प्रत्येक भाव आधीच जाहीर केलेला. दोन्ही गीते लोकप्रिय, दोन्ही सोपी. पण एकात श्रोता बरोबरीचा मानला आहे, दुसऱ्यात त्याचा कंटाळा आधीच गृहीत धरला आहे. गुणदोषांची रेषा पूर्वकाळ आणि उत्तरकाळ यांच्यामधून जात नाही, ती उत्तरकाळाच्या आतून जाते.

या कसोटीवर अवघड कलाही तपासली पाहिजे. ‘यांना एवढेच कळते’ हा जसा श्रोत्याचा अवमान आहे, तसाच ‘यांना काहीच कळू नये’ हाही आहे. तेवीस मिनिटांची रचना धीर मागते की धाक दाखवते, हे पुन्हा ऐकूनच ठरेल.

झाडीपट्टीचा प्रेक्षक थंडीत रात्रभर मांडवात बसतो. त्याच्याजवळ धीर नाही असे म्हणण्यास जागा नाही. त्याच्यासाठी ऑक्टोपॅड वाजविणे हा अपराध नव्हे. परंतु करुण प्रवेश रंगात आला असता ‘लोक उठून जातील’ या भीतीने मधेच उडत्या चालीचे गाणे घुसविले जाते, तेव्हा मांडवातल्या माणसांविषयी एक खोटे विधान केले जाते. दोष वाद्यात नाही, त्या विधानात आहे. आणि ढोलकीवर वाढलेला हात ऑक्टोपॅडवरही प्रवेशाचा तोल सांभाळून थांबत असेल, तर दंडार तेथे संपलेली नाही.

७

तरीही एक हानी शिल्लक राहते आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. चोनका वाजविणारे हात कमी होत गेले तर एक नाद कायमचा नाहीसा होईल. नाटकाची कितीही भरभराट झाली तरी तो परत येणार नाही. ही हानी कोणा एका वादकाच्या माथी मारता येत नाही. परंपरा टिकविण्याचे कर्तव्य तिच्या सर्वांत गरीब वारसावर एकट्यावर सोपवायचे आणि त्याने ते नाकारताच त्याला बेइमान ठरवायचे, हा न्याय नव्हे. इमानाचा प्रश्न त्याला विचारण्यापूर्वी तो अभ्यासक, विद्यापीठे आणि शुद्धतेचा आग्रह धरणारे रसिक यांनी स्वतःला विचारावयास हवा. दंडारीची रात्र चालू होती तेव्हा यांच्यापैकी कितीजण मांडवात पहाटेपर्यंत बसले होते?