अस्सल चवीचे देणे

'अस्सल' हा शब्द मराठीत अरबीतून आला. परक्या घरून आलेला हा शब्द आपण आपल्या घरच्या निर्भेळ वस्तूला लावतो आणि त्यात काही गंमत आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. 'अस्सल मालवणी', 'अस्सल कोल्हापुरी' अशा पाट्या आपण वाचतो, आत जातो, जेवतो आणि बहुधा 'घरच्यासारखे नाही हो' म्हणत बाहेर पडतो. तेथे ते प्रकरण मिटते. पण हीच पाटी एखाद्याने परमुलखात, स्वतःच्या आईआजीने कधी न रांधलेल्या अन्नावर लावली, तर तिचा अर्थ काय? त्याने कोणाला कसला शब्द दिला असे समजावे?

१९८७ साली शिकागो शहरात रिक बेलिस यांनी पत्नीसह 'फ्रंटेरा ग्रिल' नावाचे उपाहारगृह काढले. बेलिस ओक्लाहोमाचे, घरचा धंदा भाजलेल्या मांसाच्या खाणावळीचा. त्यांनी स्पॅनिश भाषेचा आणि लॅटिन अमेरिकेच्या संस्कृतीचा अभ्यास केला, पुढे मेक्सिकोत हिंडून पाककृती जमवल्या. त्याच साली त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच्या नावातच 'अस्सल' हा शब्द होता. त्या वेळी उत्तर अमेरिकेतल्या बहुतेकांना मेक्सिकन जेवण म्हणजे तळलेल्या कुरकुरीत कवचातला टाको आणि त्यावर किसलेले पिवळे चीज एवढेच ठाऊक. बेलिस यांनी प्रांतांची नावे घेतली: ओआहाका, युकातान, मिचोआकान, बेराक्रूस. 'मेक्सिकन जेवण' असे एकच एक काही नसते, हा त्यांचा पहिला धडा. (कोणी 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणाला तर वऱ्हाडी आणि मालवणी माणूस एकदमच हसतील, तसे ते.) उपाहारगृहाच्या भिंती त्यांनी मेक्सिकन लोककलेने भरून टाकल्या. २०१२ साली मेक्सिकोच्या सरकारने परकीयांना देण्यात येणारा आपला सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. तरीही, एका गोऱ्या अमेरिकनाला हा अधिकार कोणी दिला, असे विचारणारे मेक्सिकन लोक होते आणि आहेत.

त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्या कुरकुरीत टाकोचीच कुळकथा पाहा. कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्दिनो गावी १९३७ साली एका मेक्सिकन बाईने 'मित्ला कॅफे' सुरू केले. मित्ला हे ओआहाकातले प्राचीन स्थळ. रस्त्यापलीकडे ग्लेन बेल या गृहस्थांचे खाद्यपदार्थांचे दुकान होते. समोरची रांग पाहून, तेथे जेवून, त्यांनी तो टाको कसा करतात ते शिकून घेतले आणि १९६२ साली 'टाको बेल' काढले. त्याच्या शाखा आज आपल्याही शहरांत आहेत. मित्ला कॅफेचे नाव मात्र गावाबाहेर थोड्यांनाच ठाऊक. पुढे २०१७ साली पोर्टलंड शहरात दोन स्त्रियांनी बुरितोची गाडी लावली. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील एका गावात तोर्तिया करणाऱ्या बायकांना त्यांनी रीत विचारली. त्यांनी सारे सांगितले नाही, तेव्हा खिडक्यांतून डोकावून पाहिली, असे त्यांनीच एका वार्ताहराला हौसेने सांगितले. एवढा गहजब झाला की गाडी बंद करावी लागली. मला हा गहजब थोडा अतिरेकी वाटतो. पण ती खिडकी मनातून जात नाही.

तिच्याशेजारी डायना केनेडी ठेवून पाहावे. या इंग्रज बाई १९५७ साली मेक्सिकोत आल्या. १९७२ साली त्यांचे पहिले पुस्तक आले, आणि पुढची अनेक वर्षे त्या खेडोपाडी जाऊन चुलीपाशी बसल्या. २०२२ साली, नव्याण्णवाव्या वर्षी, मिचोआकानातल्या आपल्या घरी त्या वारल्या. स्वभावाने मोठ्या कडक. कोणी सामग्रीत सवलत घेतली की त्यांचा पारा चढे. मला त्यांची एक सवय मोलाची वाटते. पाककृती ज्या बाईकडून घेतली तिचे नाव त्या लिहून ठेवीत. त्यादेखील परक्याच, पण त्या दाराने आत गेल्या.

कोणी म्हणेल, हा शिष्टाचाराचा मुद्दा झाला. चव तर खिडकीतूनही शिकता येते. येते काय? मक्याची गोष्ट मला येथे फार बोलकी वाटते. मेक्सिकोतल्या बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग पाट्यावर वाटतात. हे निक्स्तामाल. चुन्याने दाण्याची साल सुटते, पीठ लवचीक होते, कोमाल नावाच्या तव्यावर तोर्तिया फुगते. शिवाय दाण्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. चुन्याची रीत नेली नाही. ती बायकांच्या हातात होती, आणि त्यांना विचारावे असे कोणाला वाटले नसावे. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना स्पेनमध्ये, उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा झाला. कातडी सोलवटे, बुद्धी भ्रमिष्ट होई, माणसे हजारोंनी मेली. दाण्याबरोबर तो रांधणारीचा शब्द न घेतल्याचे हे फळ. ज्याला आपण 'पारंपरिक चव' म्हणून कौतुकाने चाखतो, तिच्या पोटात असे शहाणपण दडलेले असते आणि ते खिडकीतून दिसत नाही.

म्हणून मला असे वाटते की, 'अस्सल' हा पदार्थाचा गुण म्हणून शोधू गेल्यास आपण फसतो. मेक्सिकोचाच स्वयंपाक घ्या. १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी पडली, त्यानंतर डुक्कर, गहू, चीज, दालचिनी ही सारी तेथे आली. आज मेक्सिको शहराचा अभिमान असलेला 'पास्तोर' टाको लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्याचा वंशज. भिंतीवरच्या कलेचेही तेच. ओआहाकाजवळच्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावची चकाकती काळी मडकी पाहून ती हजार वर्षांची वाटतात. तेथील मातीकाम जुने आहे खरेच, पण ती चकाकी १९५०च्या सुमारास दोन्या रोसा या कुंभारणीने, भाजण्याआधी मडके घोटून आणली. पूर्वीच्या करड्या मडक्यात पाणी राही. या सुंदर मडक्यात राहत नाही. रंगीत कल्पनापशू, ज्यांना आलेब्रिहे म्हणतात, ते १९३६च्या सुमारास मेक्सिको शहरात पेद्रो लिनारेस यांनी कागदाच्या लगद्याचे घडवले. ओआहाकाचे लाकडी पशू त्यानंतरचे. मेक्सिको शहरातल्या 'पुहोल' या प्रसिद्ध उपाहारगृहात एका मोलेत रोज नवी भर घालून तो वर्षानुवर्षे चालू ठेवतात आणि ताटात जुन्या मोलेच्या वर्तुळात नव्याचे वर्तुळ वाढतात. विरजण लावणाऱ्या घराला यात नवल वाटणार नाही. दही कालचेच, आणि तरी आजचे.

तेव्हा जुनेपणा ही कसोटी नव्हे. काळ्या मोलेसाठी चिलवाक्ले नावाची मिरची हवी, ती ओआहाकाच्या कान्याडा भागात थोडीशी पिकते आणि महाग असते; म्हणून तेथील कित्येक घरांत दुसऱ्या मिरच्या करपवून काम भागवतात. शिकागोच्या मालकाने महाग मिरची मागवावी की त्या घरच्या बाईसारखी काटकसर करावी? अस्सल कोणते? माझ्या मते दोन्ही; अट एवढीच, की त्याने जे केले ते गिऱ्हाइकाला खरे सांगावे आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांचे देणे मान्य करावे. पाटीवरचा शब्द हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे.

आता हा हिशेब आपल्याकडे वळवला तर मोठी अडचण होते. मिरची ही मेक्सिकोची. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात गोव्याच्या वाटेने आली, आणि मिरीवरून आपण तिला नाव दिले. बटाटा, रताळे, शेंगदाणा, ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, हे सारे अमेरिका खंडातले. राजगिराही तिकडचाच. एकादशीला जे शुद्ध म्हणून पानात वाढतो त्यातले निम्मेअधिक समुद्रापलीकडून आलेले आहे! अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसादासारख्या खात, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांचा त्या धान्यावर डोळा होता. आजही मेक्सिकोत त्याची मधात घोळलेली वडी मिळते, तिला 'आलेग्रिया', म्हणजे आनंद, म्हणतात. आपण कोणाचे देणे फेडले? कोणाचेच नाही, आणि त्याबद्दल आपल्याला कोणी चोर म्हणत नाही.

फरक आहे तो असा. आपण मिरची घेतली तेव्हा मेक्सिकोच्या बाईच्या परसातली मिरची कमी झाली नाही, की आपण तिच्या दारापुढे दुकान थाटले नाही. १९९४ साली उत्तर अमेरिकेतला मुक्त व्यापाराचा करार लागू झाला. सरकारी मदतीवर पिकलेला अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोत आला आणि अनेक लहान शेतकऱ्यांचे गणित मोडले. माणसे उत्तरेकडे निघाली, त्यांत ओआहाकाची पुष्कळ. अमेरिकेतल्या उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत, फ्रेंच असोत की इटालियन, भांडी घासणारे आणि भाज्या चिरणारे हात पुष्कळदा मेक्सिकन असतात. म्हणजे ज्याच्या आईचा मोले बाहेर मेजावर कौतुकाने वाढला जातो, तो मुलगा आत मोरीपाशी उभा असू शकतो. त्याची आई गावी रांधते, त्याला बाजारात 'स्वस्त जेवण' म्हणतात. कृष्णेंदु राय यांनी २०१६ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की न्यूयॉर्कमध्ये एखाद्या समाजाच्या जेवणाला किती दाम मिळतो हे त्या समाजाच्या प्रतिष्ठेवर पुष्कळसे अवलंबून असते.

येथे बेलिस यांच्यासारख्याचा बचाव आणि त्याच्यावरचा आरोप एकाच ठिकाणी येतात. त्याने मोलेचा दाम वाढवला, त्यामुळे त्या जेवणाची पत वाढली, हे खरे. पण पत वाढवण्यासाठी इंग्रजी बोलणारा, बँकेत ओळख असणारा मध्यस्थ लागला, हेही खरे. शिकागोच्या पिल्सेन भागात मेक्सिकन वस्ती आहे. तेथल्या मेक्सिकन शिक्षकांनी खटपट करून एक कलासंग्रहालय उभारले. ते उघडले १९८७ सालीच, आणि त्याला प्रवेशमूल्य नाही. एकाच शहरात, एकाच वर्षी, मेक्सिकोच्या कलेसाठी दोन दारे उघडली. पैकी एकातून जेवूनच बाहेर पडावे लागते. मी दुसरीला पहिलीहून पवित्र मानीत नाही. धंदा करणाऱ्याने धंदा केला म्हणून त्याला बोल लावणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. बेलिस दरवर्षी आपल्या माणसांना मेक्सिकोत नेत आले, आणि लहान शेतकऱ्यांसाठी त्यांनी २००३ साली एक निधी काढला. हे देणे फेडणेच आहे. त्या निधीचे शेतकरी मात्र शिकागोच्या आसपासचे, हेही नोंदवले पाहिजे.

भिंतीवरच्या लाकडी पशूंकडे पाहताना मला आणखी एक गोष्ट खटकते. ओआहाकातल्या अनेक घरांत कोरतो नवरा आणि रंगवते बायको. तासन्‌तास बसून ठिपके ती देते. पशूच्या पोटाखाली सही मात्र बहुधा नवऱ्याची असते. म्हणजे नाव गाळण्याची सुरुवात शिकागोपर्यंत यायच्या आधीच झालेली असते, आणि तिचे खापर परक्यावर फोडता येत नाही. खाद्यपत्रिकेवरही प्रांत छापलेला असतो, मिरचीचे नाव असते, अलीकडे मका कोणत्या जातीचा तेही असते. वाटण कोणी वाटले ते नसते. एवढी नावे घातली तर कागद पुरणार नाही, असे मालक म्हणेल. केनेडीबाईंच्या पुस्तकांत ती मावली होती.