घशाची साक्ष

पुष्कळ वर्षे माझ्या लेखी ज्ञान ही डोळ्यांची गोष्ट होती. पुस्तकातले चित्र आणि बांधावरचे पान जुळले, की झाड ओळखले असे मी खुशाल म्हणत असे. सावर्ड्याला एका श्रावणात ही ऐट अक्षरशः घशाशी आली.

चिपळूणहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की सावर्डे लागते. तिथे आप्तांकडे उतरलो होतो. टाकळा तोवर जून झालेला. पण परसामागे रानातले अळू, म्हणजे तेरे, माजले होते. मी ते मोठ्या थाटात खुडले, शिजवले आणि पहिल्याच घासाला घसा धरून बसलो. शेजारच्या आजी डोकावल्या. "आंबट काय घातलंत?" मी काहीच घातले नव्हते. अळवात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, हे मला पाठ होते. आमसूल मात्र फडताळातच राहिले होते!

दुसऱ्या दिवशी आजींनी मला बरोबर नेले. त्या सांगत काहीच नव्हत्या. पान हातात ठेवीत. कुरडूचे कोवळे शेंडे नखाने खुडायचे, भारंगीचा पाला उकळून पाणी टाकायचे, कंद कुठलाच उपटायचा नाही. कुंपणावर कळलावी फुलली होती, लाल-पिवळी, ज्वाळेसारखी. मी हात पुढे केला, तो आजींनी मनगटच धरले. "हे हातानं शिकायचं नाही."

त्या वाक्याने मी आजवर अडलो आहे. कळलावीच्या कंदातले कोल्चिसीन संधिवाताच्या एका प्रकारावर औषध आहे, आणि मात्रा चुकली तर प्राणघातक. ते विष आहे हे आजींना कुणी सांगितले? त्यांच्या सासूने. सासूला? मागे मागे जात राहिले, तर कुठेतरी एक माणूस असणार, ज्याने ते खाल्ले. त्याच्या किमतीवर आपण शहाणे. चरकसंहितेत म्हटले आहे, की गुराखी, मेंढपाळ वनस्पतींचे नाव-रूप जाणतात, पण तेवढ्याने त्या खऱ्या कळत नाहीत. बरोबरच आहे. पण आजींना नाव-रूपापलीकडचेही ठाऊक होते: कुणाला वाढायचे, कुणाला नाही. चरकांची तक्रार खरे तर माझ्यासारख्यालाच लागू पडते.

यंदा जूनमध्ये शेजारची सून सहलीहून हिरव्या पात्यांची एक जुडी घेऊन आली. मूळ नाही, फूल नाही. "काका, ही फोडशीच ना? मुलांना करून घालते." चित्राशी पाते जुळत होते. 'हो' जिभेवर आले होते. घरात दोन लहान मुले होती.

"ठाऊक नाही," मी म्हटले.

तिचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही तर यावर लेख लिहिता!" आमचे चिरंजीव आतून म्हणाले.

जुडी रात्रभर आमच्या ओट्यावर पडून होती.