पूजा की पंचनामा?

नवी वस्तू घरात आली की आधी तिची पूजा करावी की पंचनामा, या प्रश्नाचा आपल्याकडे कोणी गंभीरपणे विचार केलेला नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला तो पडलाच नव्हता. स्कूटर आली की हँडलला हार, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. ब्रेक लागतो की नाही, ते पुढच्या चौकात कळायचं. टीव्ही आला तेव्हा कुंकवाचं बोट चुकून पडद्यालाच लागलं, आणि पुढचे चार दिवस बातम्या देणारे गृहस्थसुद्धा सवाष्ण दिसत होते. पण कोणी तक्रार केली नाही. वस्तू घरची झाली की तिचे दोषही घरचेच, असा तेव्हाचा रिवाज होता.

आमच्या चिरंजीवांची पिढी पंचनामावाली. बारावीला बरे मार्क पडले, म्हणून आम्ही (म्हणजे माझ्या बोनसने) त्याला व्हीआर हेडसेट घेऊन दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तसा एक डबा डोळ्यांवर चढवायचा. घोड्याला झापडं लावतात ती त्याने इकडेतिकडे बघू नये म्हणून; इथे माणूस झापडं लावतो ती इकडेतिकडे बघता यावं म्हणून. मान वळवाल तिकडे समुद्र, मागे बघाल तर डोंगर. प्रत्यक्षात आपण हॉलच्या मधोमध उभे असतो आणि आपला हात कपाटावरच्या गणपतीला लागायच्या बेतात असतो.

हा डबा आल्याबरोबर चिरंजीव जाहीर करते झाले, ''बाबा, सात दिवसांत परत करता येतो. आधी डिस्प्ले चेक करायला हवा.'' आणि तपासणी सुरू झाली. तिचं शास्त्र असं. डोळ्यांपुढे आधी संपूर्ण काळा पडदा आणायचा. त्यात एखादा ठिपका चमकत राहिला तर तो अडकलेला. मग संपूर्ण पांढरा. त्यात काळा ठिपका दिसला तर तो मेलेला. मग लाल, हिरवा, निळा, कारण प्रत्येक ठिपक्याच्या पोटात या तीन रंगांची तीन पोटठिपकी असतात आणि त्यांतलं एखादंच संपावर गेलेलं असू शकतं. शेवटी गडद करडा. करड्यावर दिसतो तो डाग नव्हे, नुसता असमानपणा. धुतलेल्या चादरीवर राहून गेल्यासारखे फिकट ढग. याला जपानी भाषेत 'मुरा' म्हणतात आणि जगभर तोच शब्द चालतो. उजेडातल्या दृश्यात तो बहुधा लपतो, अंधाऱ्या दृश्यात वर येतो. माणसांचंही साधारण तसंच असतं.

मी पडलो बँकेतला कारकून. आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही तर दहा रुपयांसाठीसुद्धा घरी जाता येत नाही. फरकाला ९ ने भाग जात असेल तर कुठेतरी ४५ चे ५४ झाले असण्याची शक्यता असते, ही विद्या मी बी.कॉम.ला नाही, काउंटरवर शिकलो. तेव्हा 'चुका शोधा' म्हटलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. मीही हिशेब मांडला. एका डोळ्यापुढे साधारण ४० लाख ठिपके, दोन्ही मिळून ८० लाख. पोटठिपकी धरली तर २ कोटी ४० लाख. टेबलावरच्या सपाट पडद्यांसाठी २००१ साली आयएसओ १३४०६-२ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक निघालं होतं. पुढे २००८ मध्ये त्याची जागा दुसऱ्याने घेतली. त्यात पडद्यांचे वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गाला एकही दोष माफ नाही. दुसऱ्या वर्गाला दर दहा लाख ठिपक्यांमागे २ कायम पेटलेले, २ कायम विझलेले आणि ५ पोटठिपकी बिघडलेली चालतील. तोच दर आमच्या डब्याला लावला, तर १६ पेटलेले, १६ विझलेले आणि ४० पोटठिपकी. एकूण ७२ दोष असूनही माल नियमात! वाचून मला बरं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्या वर्गाने प्रवास करणाऱ्याला असा दिलासा हवाच असतो.

तिसऱ्या दिवशी रात्री सगळे झोपल्यावर मी डबा डोक्यावर चढवला आणि काळ्या पडद्यात, डाव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, मला एक हिरवा ठिपका दिसला.

आता, दोष दिसला म्हणजे तो समोरच्यातच आहे असं कारकुनाने धरून चालायचं नसतं. संशयित चार. पहिला, चित्र: मान वळवली की ठिपका मागे राहतो का? नाही राहिला, माझ्याबरोबर आला. म्हणजे चित्रात नाही. दुसरी, भिंगावरची धूळ: मऊ फडक्याने पुसली, ठिपका कायम. तिसरा, माझा डोळा. पन्नाशीकडे झुकलं की डोळ्यांत काही सूक्ष्म जाळी तरंगू लागतात, पण ती बुबुळाबरोबर सरकतात आणि मोकळ्या आभाळाकडे पाहिलं तरी दिसतात. हा जागचा हलेना. राहिला चौथा, पडदा. मगच मी आरोपपत्र दाखल केलं.

माणसांच्या बाबतीत आपण हा क्रम बरोबर उलटा लावतो. थेट पडद्यापासून सुरुवात. फडकं कोणी हातात घेत नाही आणि स्वतःच्या डोळ्याचा संशय तर कोणाला येतच नाही. वास्तविक आपल्या प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका जन्मापासून असतो. दृष्टीची नस जिथून बाहेर पडते तिथे दिसण्याची सोयच नाही. मारिओत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात तो दाखवून देईपर्यंत कोणाच्या लक्षात आला नव्हता, कारण मेंदू ती रिकामी जागा आजूबाजूचा रंग फासून भरून काढतो. आमच्याकडे असं कोणी केलं तर निलंबन होतं.

खरा प्रश्न पुढेच होता. चिरंजीवांनी आपली तपासणी उरकून 'ओके' म्हटलं होतं, आणि तीन दिवस ते समुद्राच्या तळाशी सुखाने फिरत होते. दोष फक्त मला दिसला होता. सांगावा की नाही? सांगितला, तर बदलून मिळेल. पण नव्या डब्यात दोन निघणार नाहीत याची हमी नाही. शिवाय एकदा दाखवलेला ठिपका परत न-दाखवता येत नाही. नाही सांगितला, तर त्याचा आनंद शाबूत; पण फरक सापडूनही वही मिटणारा कारकून मी माझ्या टेबलाशी कधी बसू दिलेला नाही.

त्या रात्री बराच विचार करून मी एक नियम काढला. दोष बदलून मिळण्याची मुदत असेपर्यंत सांगणं हे कर्तव्य. मुदत टळल्यावर सांगणं ही नुसती टोचणी. फ्लॅट घेण्याआधी मित्राला म्हणावं, ''भिंत तिरकी आहे.'' वास्तुशांतीला जेवताना म्हणू नये. अजून चार दिवस होते. सकाळी चहा घेताना मी चिरंजीवांना म्हटलं, ''डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आहे.''

तो कपात बघत म्हणाला, ''माहितीय, बाबा. पहिल्याच दिवशी दिसला होता. तुमचा सगळा बोनस गेलाय त्यात, म्हणून म्हटलं कशाला.''

म्हणजे तीन दिवस ठिपका त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होता, आणि मी समजत होतो मुलगा पाण्यात मासे बघतोय! माझ्या नियमाला हे पोटकलम जोडावं लागलं: दोष आपण एकट्यानेच पाहिला, या समजुतीत दयेपेक्षा गर्वच जास्त असतो.

मग आम्ही दोघांनी मिळून निवाडा केला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ५० रुपयांची किंवा त्यावरची फाटकी नोट आली, आणि तिचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असला, तर पूर्ण पैसे मिळतात. ४० ते ८० असला तर निम्मे. म्हणजे पूर्ण मानायला पूर्ण असावंच लागतं असं नाही, हे खुद्द रिझर्व्ह बँक मानते. आमचा ठिपका कोपऱ्यात, तोही फक्त काळोखात दिसणारा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले की उजवा डोळा डाव्याला सांभाळून घेतो. ठेवायचं ठरलं. नेमका मध्यावर असता तर परत पाठवला असता. क्षमाशीलता ही जागेवर अवलंबून असते.

सौभाग्यवतींना हा सगळा नियम मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, ''अहो, मग माझी मुदत कधी संपली?''

''लग्नानंतर सात दिवसांनी,'' मी म्हटलं.

''असं? मग गेली वीस वर्षं मी जे सांगतेय, ते काय?''

यावर मी विचार केला आहे. माणूस बदलून मिळत नाही हे खरं. पण ठिपका पडद्यातला की भिंगावरच्या धुळीचा, हे पुसून बघितल्याशिवाय कळत नाही आणि पुसण्याला मुदत नसते. त्या वीस वर्षं पुसताहेत. थोडं निघालंय म्हणतात. बाकीचं बहुधा पडद्यातच असावं.