घराची सजावट आणि घरातील माणसे

भिंतींना कोणता रंग द्यावा, खिडक्यांस कसले पडदे लावावे, बैठकीच्या खोलीत कोच ठेवावा की गादी-लोडांची बैठक घालावी, हे प्रश्न नीतिविचाराच्या कक्षेत येतात असे आम्ही म्हटले, तर पुष्कळ वाचकांस हसू येईल. हे प्रश्न आवडीनिवडीचे आहेत, ज्याने त्याने ते आपल्या ऐपतीप्रमाणे व रुचीप्रमाणे सोडवावे, त्यात धर्माधर्माचा संबंध काय, असे ते विचारतील. काही काळापूर्वीपर्यंत आमचेही मत याहून निराळे नव्हते. परंतु अलीकडे पुण्यातील एका स्नेह्यांच्या नव्या घरी जाण्याचा योग आला, आणि तेथे जे दृष्टीस पडले त्यामुळे या प्रश्नाचा पुन्हा एकवार विचार करणे आम्हांस भाग पडले.

या स्नेह्यांची जुनी इमारत पाडून त्या जागी उंच इमारत उभी राहिली व तीत त्यांस पहिल्याहून प्रशस्त घर मिळाले. ते सजवण्याचे काम त्यांनी या धंद्यातील एका वाकबगार गृहस्थाकडे सोपवले होते. काम उत्तम झाले होते यात संशय नाही. फॉल्स सीलिंगच्या कडांतून मंद प्रकाश झिरपत होता. भिंती फिकट राखाडी होत्या. फरशीत चेहरा दिसावा इतकी ती गुळगुळीत होती. बसणारा आत रुतून जावा असा रुंद आणि बुटका कोच होता. आणि एका कोपऱ्यात, चिंचेने घासून लखलखीत केलेला तांब्याचा बंब मांडलेला असून त्याच्या तोंडातून मनीप्लांटची वेल बाहेर आली होती. हा बंब कोठून मिळवला असे आम्ही विचारले. "आईचा आहे. इतकी वर्षे माळ्यावर पडून होता. या माणसाने तो पाहिला आणि दिवाणखान्याची शोभाच करून टाकली," असे स्नेह्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले.

आई कोठे आहेत म्हणून आम्ही चौकशी केली. स्वयंपाकघरालगत, हल्ली जिला ड्राय बाल्कनी म्हणतात त्या चिंचोळ्या जागेत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. त्यांस तेथे कोणी बसवले नव्हते. बुटक्या कोचावर एकदा बसले की गुडघ्यांना उठवत नाही. गुळगुळीत फरशीवर पाय सरकेल अशी धास्ती वाटते. आणि दिवाणखान्यात टेकावयास दुसरे काही नाही. म्हणून त्या आपण होऊन तेथे जाऊन बसत. बंबाला दिवाणखान्यात जागा मिळाली होती. ज्या बाईने रोज पहाटे उठून वर्षानुवर्षे तो पेटवला, तिला मिळाली नव्हती.

येथे कोणाच्या मनात वाईट हेतू नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुलगा प्रेमळ, सून समजूतदार, सजावट करणारा गृहस्थ आपल्या कामात प्रामाणिक. तरीही एका वृद्ध स्त्रीची आपल्याच घरातून एक प्रकारे हकालपट्टी झाली होती. दुष्ट हेतूवाचून घडणारे अन्याय नीतीच्या विचारात अधिक महत्त्वाचे होत, कारण त्यांची टोचणी कोणालाच लागत नाही. हे घर कोणासाठी सजवावयाचे, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलाच नव्हता.

यावर एक पक्ष असे म्हणेल की मुळात सजावट हाच मनाचा एक विकार आहे. डोक्यावर छप्पर व अंगाखाली चटई असली म्हणजे झाले. हा पक्ष आम्हांस मान्य नाही. सजावट ही श्रीमंतांची चैन असती, तर गरिबांच्या घरी ती आढळती ना. परंतु सारवलेल्या अंगणात, उंबऱ्यापुढे, हातातील चिमूटभर रांगोळीने रोज सकाळी चार रेघा ओढणारी बाई श्रीमंत नसते. पालघर जिल्ह्यातील वारली बायका लग्नप्रसंगी झोपडीच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या, तेव्हा त्यांच्या घरात कित्येकदा पुरेसे धान्यही नसे. सौंदर्याची भूक ही पोटाच्या भुकेइतकीच मनुष्यजातीची जुनी भूक असावी. तेव्हा घर सजवावे की नाही हा वादाचा विषय नव्हे. कोणाच्या डोळ्यांनी पाहून सजवावे, हा आहे.

बहुतेक लोक ते रूढीच्या, म्हणजे चालू टुमीच्या, डोळ्यांनी पाहून सजवतात. आणि टूम ही किती चंचल मालकीण आहे हे आपल्याच घरांच्या इतिहासावरून दिसून येईल. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून त्याच्या लक्ष्मी-सरस्वती मराठी मध्यमवर्गाच्या भिंतीवर विराजमान झाल्या. पुढे सुशिक्षितांस त्या ढोबळ वाटू लागल्या व माळ्यावर गेल्या. आज तीच चित्रे जुनेपणाची किंमत मोजून, नव्या चौकटीत घालून, पुन्हा भिंतीवर येत आहेत. फरशीची गोष्टही तीच. रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या पूर्वी विलायतेहून येत. 1922 साली स्वदेशीच्या प्रेरणेने भारत टाइल्सचा कारखाना निघाला व त्या येथेच होऊ लागल्या. मग मोझेक आले, मग संगमरवर, मग आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल. आणि आता पुन्हा त्या नक्षीच्या फरश्यांना मागणी येत आहे. ज्यांनी त्या उखडून टाकल्या, त्यांचीच नातवंडे त्या शोधत हिंडत आहेत. टुमीमागे धावणारा गृहस्थ सदैव एक पाऊल मागेच राहतो, आणि त्या धावण्याचे हप्ते मात्र पुढील कित्येक वर्षे फेडीत बसतो.

टुमीहून अधिक सूक्ष्म असा एक धोका आहे, व तो उत्तम रुचीच्या माणसांसही चुकत नाही. व्हिएन्ना शहरातील वास्तुशास्त्रज्ञ आडोल्फ लोस याने 1900 साली एका गरीब बिचाऱ्या श्रीमंताची गोष्ट लिहिली. या धनिकाने आपले सारे घर एका नामांकित कलावंताकडून सजवून घेतले. प्रत्येक वस्तूची जागा ठरली. पुढे वाढदिवसाच्या दिवशी बायकोमुलांनी त्यास काही भेटी दिल्या. त्या कोठे ठेवाव्या हे विचारावयास कलावंतास बोलावले, तर त्याने प्रथम धनिकाच्या पायांतील सपाता पाहून कपाळाला आठ्या घातल्या, कारण त्या सपाता निजावयाच्या खोलीसाठी योजलेल्या होत्या. आणि नंतर, आपण सर्व काही पुरवले असताना भेटी स्वीकारल्याच कशा, म्हणून त्यास फैलावर घेतले. त्या माणसाच्या आयुष्यात आता काही नवे येण्यास जागाच उरली नाही. लोसने हा विनोद आपल्याच धंद्यातील लोकांवर केला, हे विशेष. परंतु तो आपणांसही लागू आहे. ज्या घरात मुलाने शाळेत काढलेले चित्र भिंतीवर चिकटवता येत नाही, जेथे पाहुण्याने आणलेली वस्तू रंगसंगतीत बसत नाही म्हणून कपाटात जाते, ते घर पूर्ण झाले असेल. पण राहते राहिलेले नाही.

दुसरा विचार सत्याचा. 1849 साली इंग्लंडात रस्किनने वास्तुकलेवर लिहिताना असे प्रतिपादिले की एका पदार्थाने दुसऱ्या पदार्थाचे सोंग आणणे, म्हणजे लाकडास संगमरवरासारखे रंगवणे, ही असत्याचीच एक जात होय. या कसोटीला आपली आजची घरे उतरणार नाहीत. ज्याला आपण सनमायका म्हणतो तो बहुधा राळेत भिजवून दाबलेला कागदच असतो, आणि त्यावरील सागाच्या रेषा छापलेल्या असतात. मात्र रस्किनचे म्हणणे सर्वस्वी पत्करण्यास आम्ही तयार नाही. साग महाग आहे, आणि त्यासाठी जंगले तुटावी असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. ओल्या फडक्याने पुसला जाणारा पृष्ठभाग ज्या गृहिणीचे श्रम वाचवतो, तिला सत्याचे प्रवचन ऐकवणे हे ढोंगच होय. आमच्या मते भेद पदार्थात नसून हेतूत आहे. सोयीसाठी वापरलेली नक्कल ही तडजोड असते. पण पुस्तकांनी भरलेल्या फडताळाचे चित्र छापलेला कागद जेव्हा भिंतीवर चढतो आणि घरात वाचणारे कोणी नसते, तेव्हा ती लबाडी होते, आणि तिने पाहुण्यांपेक्षा घरातील मुलेच अधिक फसतात. विद्या ही मिरवण्याची वस्तू आहे एवढे मात्र ती त्या भिंतीवरून शिकतात.

मग घर कोणाच्या डोळ्यांनी पाहावे? याचे उत्तर आम्हांस मुंबईतील चाळींत मिळाले. 1920 नंतरच्या दशकात सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील एकेक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. एवढ्या जागेत एकेक कुटुंब, कित्येकदा गावाकडून आलेले भाऊबंदही, राहात. तीच खोली सकाळी स्वयंपाकघर, दुपारी शिवणकामाची जागा, संध्याकाळी मुलांची अभ्यासिका आणि रात्री अंथरुणे घातली की शयनगृह होई. गरिबीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. सामायिक शौचकूप आणि गळकी छते यांची आठवण कोणाला प्रिय नसते, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांस 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ही आनंदाचीच गोष्ट झाली. परंतु त्या खोलीत एक नियम पाळला जाई, तो असा की कोणत्याही वस्तूचा हक्क माणसाच्या हक्काहून मोठा नसे. म्हाताऱ्याला पाय पसरावयाचे असले तर टेबल हटे. टेबलासाठी म्हातारा हटत नसे. जागा वाढली की हा नियम सुटतो, कारण त्याची गरज संपली असे आपणांस वाटते. वस्तुतः गरज संपलेली नसते; अडचण दिसेनाशी झालेली असते इतकेच.

तेव्हा आमचे म्हणणे असे की घर सजवताना ते घरातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी पाहावे. हे बोलणे मोघम राहू नये म्हणून काही व्यावहारिक सूचना करतो. नव्या घरात शक्य तर एक पावसाळा जाऊ द्यावा व मगच भिंतींवर खर्च करावा. कोणती भिंत ओल धरते, कोणत्या खिडकीतून पश्चिमेचे ऊन डोळ्यांवर येते, हे नकाशावरून कळत नाही. ओल धरणाऱ्या भिंतीवर कागद चिकटवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण होय. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगाला मापून ठरवावी. उभे राहून कोपर वाकवले असता ओटा त्याच्या चार-पाच इंच खाली यावा. बैठकीत निदान एक आसन असे असावे की ज्याची बैठक 18 इंचांच्या आसपास उंच, घट्ट, आणि हातांना टेकू देणारी आहे. ते कोपऱ्यात नको, जेथे बोलणे चालते तेथे हवे. न्हाणीघरात खरखरीत फरशी व भिंतीत पक्की बसवलेली दांडी यांस प्रथम पैसे ठेवावे, झुंबरास मागाहून. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा असावा. मुलाच्या हाताला पोहोचेल अशी एक भिंत आणि डाग पडले तरी चालेल असे एक टेबल, ही त्याच्या शिक्षणाची साधने समजावी. आणि प्रत्येकाची छत्री, चष्मा, जपमाळ, औषधाची पेटी ठेवण्यास हाताशी एक खुंटी किंवा कोनाडा असावा. जुन्या वाड्यांत भिंतीभिंतीला कोनाडे असत. त्यांची जागा आता कुलूपबंद कपाटांनी घेतली आहे, आणि वृद्धांस स्वतःच्या वस्तूंसाठी इतरांना हाका माराव्या लागतात.

या सूचनांत सौंदर्याला विरोध करणारे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. रंगाचा मेळ, प्रकाशाची योजना, रिकाम्या जागेची किंमत जाणणारा जो कारागीर आहे, त्याला या गोष्टी सांगितल्या तर तो त्याही सुंदरच करील. त्याला त्या सांगितल्या जात नाहीत. त्याच्यापुढे पाहुण्यांचा पाढा वाचला जातो, घरच्यांचा नाही.

आता स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. त्या दिवशी स्नेह्यांच्या घरी आम्ही यांतील एक अक्षरही बोललो नाही. उलट, निघताना त्या बंबाची मनापासून स्तुती केली. घरी परत आलो तेव्हा आमचा मुलगा पलंगावर पालथा पडून, पाठीला बाक आणून गणिते सोडवीत होता. जेवणाच्या टेबलावर का बसत नाहीस, असे विचारता त्याने काचेच्या पृष्ठभागावर मध्यभागी ठेवलेल्या, जयपूरहून आणलेल्या निळ्या फुलदाणीकडे बोट दाखवले. ती फुटेल म्हणून तेथे वह्या पसरू नयेत, असा हुकूम आम्हीच दोन वर्षांपूर्वी केला होता व विसरूनही गेलो होतो. फुलदाणी आता कपाटाच्या माथ्यावर आहे. टेबलाच्या काचेवर शाईचे दोन ओघळ आणि कंपासच्या टोकाचा एक ओरखडा पडला आहे.

स्नेह्यांस समक्ष सांगण्याचे धैर्य अद्याप आम्हांस झालेले नाही. ते या मासिकाचे जुने वर्गणीदार आहेत.