उरलेला एक टक्का

गेल्या पावसाळ्यात आमच्या आढावा बैठकीत एक जुनी स्टोरेज सेवा बंद करण्याचा विषय होता. तक्ता मीच केलेला. ९९ टक्के ग्राहक नव्या सेवेवर गेलेले, जुनीवर एक टक्का उरलेला. त्या एका टक्क्यासाठी सर्व्हर चालू ठेवायचे, दोन चांगले इंजिनिअर अडकवून ठेवायचे, आणि रात्री-अपरात्री वाजणारे अलार्मही बहुतेक तिचेच. बंद करण्याच्या बाजूनं सगळं होतं. तारीख लिहायची तेवढी राहिली होती.

माझ्या हातून ती लिहिली गेली नाही. आधी नावांची यादी मागवली.

क्लाउडच्या पायाभूत सेवांमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर नेमकं काय करते, हे घरी सांगताना मी नेहमी अडखळते. ॲप करणाऱ्याला मोबाइल पुढे धरून ‘हे बघा’ म्हणता येतं. आमचं दाखवण्यासारखं काही नसतं. कुठल्याशा डेटा सेंटरमधल्या यंत्रांवर थोडी जागा, थोडा वेळ, आणि त्यासोबत दिलेला एक शब्द की तुमचं काम अडणार नाही. मी कोड लिहीत नाही, यंत्रं जोडत नाही. काय बांधायचं, काय नाही, दर किती ठेवायचा आणि जुनं कधी मोडायचं, हे ठरवण्याची जबाबदारी माझ्यावर असते. यातलं शेवटचं काम सर्वांत जड. नवीन बांधताना कुणी त्यावर उभं नसतं, मोडताना असतं.

यादीत कोल्हापूरजवळची एक फौंड्री होती. फोन केला. हिशेब बघणारे गृहस्थ बोलले, “मॅडम, ते सॉफ्टवेअर एका पोरानं करून दिलंय. तो आता जर्मनीला असतोय. आम्ही आपलं सकाळी चालू करतो, चलन काढतो, गाडी सोडतो.” सेवा बंद होणार असल्याचे आमचे तीन ईमेल त्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर गेले होते. आमच्या नोंदीत ‘ग्राहकाला कळवले’ असं होतं. प्रत्यक्षात त्या माणसाला कुणी काहीच कळवलं नव्हतं. ठरल्या दिवशी आम्ही कळ दाबली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरलेली गाडी दारात उभी राहिली असती आणि कारण कुणालाच सांगता आलं नसतं.

तेव्हापासून टक्केवारीकडे बघण्याची माझी नजर बदलली. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं आम्ही करारात लिहितो. ऐकायला ते जवळपास पूर्ण वाटतं. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्यातली ४३ मिनिटं सेवा बंद राहिली तरी करार पाळला जातो. आणखी एक नऊ वाढवला, ९९.९९ केले, तर चार मिनिटांच्या थोडं वर. पण ती ४३ मिनिटं कोणती? रविवारी पहाटे तीनची गेली तर कुणाला पत्ताही लागत नाही. जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, वीस तारखेला संध्याकाळी गेली, तर एखाद्या करसल्लागाराच्या कचेरीत काय होत असेल! करारात दोन्ही सारखीच मोजली जातात.

कोण कशावर उभं आहे हे बांधणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात सुमारे चार तास कोलमडली. बिलिंगची यंत्रणा संथ का चालते याचा तपास सुरू होता. थोडे सर्व्हर काढण्यासाठी दिलेल्या कमांडमधला एक भाग चुकीचा टाइप झाला आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. असंख्य संकेतस्थळं अडकली. मला हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. सेवांची अवस्था दाखवणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकही त्याच एस-थ्रीवर अवलंबून होता, त्यामुळे काही काळ त्यांना त्यावर बिघाड दाखवताच आला नाही. हे सारं त्यांनी स्वतःच नंतर लिहून जाहीर केलं. ते निवेदन मी माझ्या गटात येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला देते.

त्याच कंपनीचं दुसरं एक उदाहरणही मी देते. २००६ साली त्यांनी भाड्यानं सर्व्हर द्यायला सुरुवात केली, तेव्हाची जाळ्याची रचना पुढे ‘ईसी-टू क्लासिक’ नावानं ओळखली गेली. ती बंद करणार असल्याचं त्यांनी जुलै २०२१ मध्ये सांगितलं आणि शेवटचं यंत्र ऑगस्ट २०२३ मध्ये थांबवलं. दोन वर्षं. इतकी मोठी कंपनी एवढा काळ थांबू शकते, मग आम्हाला तीन महिन्यांत बंद करण्याची घाई कसली?

बैठकीत मी दोन गोष्टी मागितल्या. बंद करण्याची तारीख एक वर्षानंतरची; आणि जुन्या पद्धतीनं आलेली मागणी नव्या सेवेकडून पुरी करणारा एक दुभाषी थर, म्हणजे ग्राहकाला त्याच्या सॉफ्टवेअरला हात लावावा लागू नये. याला इंजिनिअरांचे तीन महिने जाणार होते, आणि काही मोठे ग्राहक ज्या सुविधेची वाट बघत होते ती मागे पडणार होती. एका तरुण इंजिनिअरनं विचारलं, “एक टक्क्यासाठी तीन महिने?” प्रश्न रास्त होता. मागे पडलेली सुविधाही कुणाच्या तरी कामाचीच होती, हे मी आजही विसरलेले नाही. पुढच्या फोनला मी त्याला शेजारी बसवलं. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांशी चाळीस मिनिटं बोलणं झालं. त्यानंतर त्या थराचं काम त्यानंच मागून घेतलं.

माझ्यासारखं काम करणाऱ्या सगळ्यांना एवढंच विनवते: बंद करण्याची तारीख लिहिण्याआधी यादीतल्या निदान दहा जणांना स्वतः फोन करा. ईमेल नव्हे, फोन.

कोल्हापूरची फौंड्री फेब्रुवारीत नव्या सेवेवर आली. तिथल्या गृहस्थांना त्या दिवशी काही वेगळं जाणवलंसुद्धा नाही. आज सकाळी यादी उघडली तेव्हा जुन्या सेवेवर सतरा नावं उरली होती. त्यातल्या चौघांचे फोन नंबर अजून मिळालेले नाहीत.